वरच्या खोलीचं बिऱ्हाड

आमच्या घरात भाडेकरू निवडायचं काम आयचं होतं, पण येणाऱ्याला ते शेवटपर्यंत कळत नसे. ओट्यावर बाबा बसलेले असत. माणूस यायचा, चपला काढायचा, अमक्यानं पाठवलंय म्हणून सांगायचा, आणि बाबा त्याला बसवून इकडचं तिकडचं विचारायचे. गाव कुठलं, कंपनी कुठली, पाळी कुठली, घरी कोण कोण. आय आतल्या दारामागे भिंतीला टेकून उभी असे. तिथून तिला त्या माणसाचे हात, पाय आणि अर्धा चेहरा दिसायचा आणि तेवढं तिला पुरायचं. माणूस मनात भरला की ती मोठ्यानं हाक मारायची, "बाय, चा ठेव गो!" हाक मला असली तरी निरोप बाबांना असायचा. मग बाबा पुढचं बोलणं करत. हाक आलीच नाही तर खांद्यावरचा पंचा झटकून म्हणत, "बगतो. कलवतो तुमाना." तो माणूस पाणी पिऊन निघून जायचा. आपल्याला नेमकं कुणी नाकारलं हे त्यातल्या एकालाही समजलं नसेल.

आमचं गाव खाडीकाठचं, ऐरोलीच्या अंगाला. भातशेती होती ती नव्या शहरासाठी सरकारनं घेतली. नांगर माळ्यावर गेला आणि घरामागे जिथं खळं असायचं तिथं बाबांनी खोल्यांची एक रांग बांधली. महाप्याच्या कारखान्यांत कामाला आलेली माणसं त्या खोल्यांत राहू लागली आणि भातानं चालणारं आमचं घर भाड्यावर चालू लागलं. घराला एकदम नाना तऱ्हेचे आवाज फुटले. एका खोलीतून ज्वारीच्या भाकरी थापल्याचा आवाज, दुसरीतून खोबरं खवल्याचा, तिसरीतून मोहरीच्या तेलाच्या फोडणीचा चरचराट. आमच्या चुलीवर मात्र तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण, त्यात कैरीची फोड. कंपनीचा भोंगा वाजला की एकामागून एक दारं उघडायची, चपला वाजायच्या, डबे वाजायचे. वारा खाडीकडून आला तर चिखलाचा वास यायचा आणि कारखान्यांकडून आला तर घसा खवखवायचा. मला वाटायचं, सगळ्यांची घरं अशीच असतात. आपण मध्ये आणि भोवती दुसऱ्यांची बिऱ्हाडं.

चहाची हाक ही आयची पहिली परीक्षा. दुसरी तिच्या टोपलीची. शेती असतानाही ती अधूनमधून सुकी मासळी घेऊन बाजाराला बसायची, त्यामुळे टोपली खरीच होती आणि डोक्यावर शोभायची. पुरुष पहिल्यांदा एकटाच यायचा, बायको मागं असायची. तो कुठं राहतो हे बाबा बोलता बोलता काढून घेत. दुसऱ्या दिवशी आय टोपलीत सुकट आणि बोंबील भरून त्या पत्त्यावर जायची आणि दारोदार हाळी देत नेमक्या त्या दारासमोर थांबायची. मला सोबत न्यायची, कारण परप्रांतातली बाई निघाली तर आयला हिंदी येत नसे. मासळी विकता विकता ती घर बघून घ्यायची. मोरी कशी आहे, पाण्याचं पिंप झाकलेलं आहे का, पोर रडलं तर बाई आधी पोराकडे धावते की आधी त्याच्यावर ओरडते, शेजारीण हसून बोलते का. "माणूस ओट्यावर खोटं बोलंल," ती म्हणायची, "त्याची मोरी नाय बोलायची." पुढं ती बाई सामान घेऊन आमच्याकडे राहायला यायची आणि दारात मासळीवालीला बघून तोंडावर हात ठेवायची. आय एवढंच म्हणायची, "ये. तुजं घर मना आवडलं."

आयच्या या पारखीत सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. आडनाव ऐकून तिचा चेहरा बदललेला मी पाहिला आहे. काहींना चहा मिळाला नाही त्याचं कारण त्यांच्या हातापायांत किंवा मोरीत नव्हतं. आज त्या घराच्या जागी इमारत उभी आहे, खोल्यांचे फ्लॅट झाले आहेत आणि भाडेकरूचा फोटो, ओळखपत्र, कंपनीचं पत्र सगळं एजंट मला मोबाइलवर पाठवतो. करार नोंदवला जातो, पोलिसांकडे माहिती जाते. तरी फोनवर एजंट हळूच आडनाव आधी सांगतो, मग नोकरी. माझी मुलगी पुण्याला नोकरीला गेली तेव्हा तिला एकटी मुलगी म्हणून चार ठिकाणी नाही म्हणाले, आणि एका बाईंनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, घरात मासे करणार का. मुलगी चिडून मला सांगत होती आणि मी आयला दारामागे उभी बघत होते.

पण मला सांगायचं आहे ते वरच्या खोलीबद्दल. ती भाड्यासाठी बांधलीच नव्हती. माझ्या मोठ्या भावाचं, दादाचं लग्न ठरलं तेव्हा बाबांनी घरावर एक मजला चढवला. एक खोली, पुढं सज्जा, मागं छोटं स्वयंपाकघर आणि बाहेरून जिना. दादा महाप्याच्या एका कारखान्यात फिटर होता. हसरा, अंगानं बारीक, सायकल चालवताना मोठ्यानं गाणारा. मुलगी आमच्याच समाजातली, ठाण्याच्या बाजूच्या गावची. वनिता तिचं नाव. साखरपुडा झाल्यावर तिला आणि तिच्या आईला बोलावून आयनं लाद्या निवडायला लावल्या. एवढ्या माणसांत तिला बोलायची लाज वाटत होती. दादा मुद्दाम भलत्याच भडक लादीवर बोट ठेवायचा आणि ती मान हलवून नाही म्हणायची. शेवटी तिनं हिरवट ठिपक्यांची एक लादी पायाच्या अंगठ्यानं दाखवली. आय हसली आणि म्हणाली, "घर तुजं हाय बाय, मना क्याला विचारतंस?" त्या दिवसापासून ती खोली आमच्या बोलण्यात वनिताचीच झाली. वनिताच्या खोलीत पंखा लावायचा राहिलाय, वनिताच्या खोलीची कडी घट्ट बसते, असं आम्ही म्हणायचो.

लग्नाच्या आधीच दादा गेला. पहिली पाळी संपवून सायकलवरून घरी येत होता, ठाणे-बेलापूर रस्त्यावर एका टँकरनं त्याला उडवलं. त्या दिवसाचं मी लिहू शकत नाही आणि लिहिण्याची गरजही नाही. वनिता आई-वडिलांबरोबर आली होती. बायकांच्या घोळक्यात तिला कुठं बसवायचं हे कुणालाच कळेना. ती ना घरची, ना पाहुणी. आयनं तिला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं आणि संध्याकाळपर्यंत तो हात सोडला नाही. माझ्या मते पुढचं सगळं त्या हातापासून सुरू झालं.

वरच्या खोलीला कुलूप लागलं. आय रोज सकाळी वर जाऊन ती उघडायची, झाडायची, पुसायची आणि पुन्हा बंद करायची. सणाला ती वनिताकडे घाऱ्या आणि पापड पाठवायची. गौरीला साडी पाठवली. कुणी विचारलं, वरची खोली देणार का, तर म्हणायची, "ती वनिताची हाय." सुरुवातीला लोक गप्प बसले. मुलगा गेलेल्या बाईला कोण काय बोलणार? बाबाही बोलले नाहीत. पण वर्ष उलटलं, पावसाळा गेला, खोलीच्या भिंतीला ओल धरली आणि एक दिवस जेवता जेवता बाबा म्हणाले, "वरती मानूस ठेवला पायजे. बंद घर खराब होतं." आय भाकरीचा तुकडा हातात धरून बसून राहिली. मग म्हणाली, "ठेवा. पन मी बगून ठेवीन."

आणि ती बघू लागली. पहिल्यांदा एक शाळामास्तर आले, दोन लहान मुली असलेले. त्यांना हाक नाही. का, तर पोरी जिन्यावरून पडतील. मग एक बँकेतला माणूस आला, तो हसतच नाही म्हणून नको. एक कोकणातला तरुण आला, त्याला पेटी वाजवायचा नाद होता, आवाज नको म्हणून तोही गेला. एकाला खोकला होता. एकजण फारच गोड बोलत होता. एका जोडप्याला अजून मूल नव्हतं, दुसऱ्याला फार होती. टोपली तर माळ्यावरून निघालीच नाही. मी त्या वर्षी बारावीला होते. अभ्यासाचं पुस्तक मांडीवर घेऊन मी आतल्या खोलीत बसायची आणि हाक येईल म्हणून कान देऊन राहायची. आय दारामागे उभी दिसायची, पण आता ती भिंतीला टेकत नसे. येणाऱ्याच्या चेहऱ्याकडेही ती बघत नसे. तिची नजर ओट्याच्या कडेनं वर जाणाऱ्या जिन्याकडे असायची.

एकदा असाच कुणीतरी पाणी पिऊन गेल्यावर बाबा आत आले. ते आयवर कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही. "तुजी हरकत मानसाला नाय," ते म्हणाले, "जिन्याला हाय. कोनी तो चढलेला तुना नको." आय चुलीपाशी जाऊन बसली आणि उगाचच लाकडं पुढं-मागं करत राहिली.

याच दिवसांत वनिताला स्थळं येत होती आणि परत जात होती. हे आम्हाला फार उशिरा कळलं. तिच्या वडिलांनी आमच्या कानावर घातलं नाही, कारण ते भले गृहस्थ होते आणि आयचं दुःख त्यांना माहीत होतं. उरणकडचं एक चांगलं घर जवळजवळ ठरत आलं होतं. त्यांनी चौकशी केली तेव्हा कुणीतरी सांगितलं, त्या पोरीच्या नावानं तिकडं अजून खोली बंद ठेवली आहे, सणाला साडी जाते, ती म्हणजे त्यांचीच सून धरायची. पुढं आणखीही काही बोललं गेलं, मुलीच्या पायगुणाबद्दल, ते मी लिहीत नाही. उरणकडच्यांनी थोडं थांबतो म्हणून निरोप पाठवला.

वनिता स्वतः आली ती एका रविवारी दुपारी. एकटीच, साधी फुलांची साडी नेसून. आयला फार आनंद झाला. तिनं तिला जवळ बसवलं, तोंडावरून हात फिरवला, सुकलीस म्हणाली, भाकरी-कालवण वाढायला उठली. वनिता काहीतरी बोलायला आली होती हे मला तिच्या बसण्यावरून कळत होतं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. तेवढ्यात ओट्यावर माणूस आला.

साताऱ्याकडचा होता. महाप्याला एका छापखान्यात लागला होता आणि कामोठ्याला थोरल्या भावाच्या खोलीत राहत होता. "लग्नाला दीड वरीस झालं, काका," तो बाबांना सांगत होता. "भावाचं बिऱ्हाड त्याच खोलीत. मधी चादर लावलीया. भाऊ-वहिनी काय बोलत न्हाईत, पर आपल्यालाच कळतं न्हवं." बोलताना तो मान खाली घालून स्वतःच्या हातांकडे बघत होता. नखांत शाई होती. आय सवयीनं दारामागे जाऊन उभी राहिली. वनिता तिच्या मागं जाऊन थांबली. मीही उठले. आम्ही तिघीजणी त्या अरुंद जागेत उभ्या होतो आणि बाहेर बाबा प्रश्न संपवत आले होते. नंतर ते गप्प झाले. हाकेची वाट बघत होते. मी आयच्या पाठीकडे बघत होते. तिनं तोंड उघडलं नाही. बाबांनी पंचा खांद्यावरून उचलला.

"चा ठेवते," वनिता मोठ्यानं म्हणाली.

ती वळली, सरळ चुलीकडे गेली आणि तिनं पातेलं ठेवलं. बाहेर बाबांच्या हातातला पंचा तसाच राहिला. मग ते सावकाश म्हणाले, "बसा. चा घेऊन जा."

आय चुलीपाशी आली. "तुना कोनी सांगलं?" ती म्हणाली. "कोनाला इचारून ठेवलास चा?"

वनिता पातेल्यात बघत होती. "माजीच खोली ना ती, काकी? तुमी सगल्यांना तसंच सांगता. मंग मी माज्या खोलीत भाडोत्री ठेवते."

"बाय, असं नको बोलू."

"तर मंग कसं बोलू?" ती हलक्या आवाजात म्हणाली. "माज्या बाबाला लोकं सांगतात, तुजी पोर दुसऱ्याची झाली, तिची खोली तिकडं बंद करून ठेवलीय. उरनची मानसं थांबलीत. तुमची साडी येते ना, काकी, ती नेसायला मना भ्या वाटतो. नेसले तर लोकं बोलतात आनि नाय नेसले तर मनाच वाईट वाटतं. तुमी माजा हात धरलात त्या दिवशी. मना बरं वाटलं होतं. पन आता सोडा."

आय तिथंच चुलीपाशी बसली. चहा उतू जायला आला तेव्हा मी पातेलं उतरवलं. कपात ओतून बाहेर नेऊन दिला. तो साताऱ्याचा माणूस बशीत ओतून फुर्र करून पीत होता आणि आत काय चाललंय याचा त्याला पत्ता नव्हता. मी परत आले तेव्हा आय आणि वनिता तशाच बसल्या होत्या, एकमेकींकडे न बघता. मला वाटलं, आता आय रडेल किंवा तिला घालवून देईल. आयनं दोन्ही केलं नाही. चुलीतलं लाकूड मागं ओढून ती म्हणाली, "बोलायला गरीब हाय. पन बायको कशी हाय ते बगायला नको? मानूस ठेवायचा म्हंजे घर बगूनच ठेवायचा." मग माझ्याकडे वळून, "बाय, उद्या टोपली काड."

वनिता त्या दिवशी आमच्याकडे राहिली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी बसनं कामोठ्याला गेलो. टोपली वनितानं मांडीवर घेतली होती. सगळी बस सुकटीच्या वासानं त्रासली होती आणि कंडक्टर आम्हाला मागं जा, मागं जा म्हणत होता. तेव्हा कामोठ्याला वस्ती विरळ होती, मध्येमध्ये पाणथळ आणि त्यात बगळे. खोली सापडायला वेळ लागला. आयनं दोन घरं आधी हाळी दिली, नियमाप्रमाणे, आणि मग त्या दारासमोर टोपली उतरवली.

दार उघडणारी मुलगी माझ्याहून फार मोठी नसेल. कपाळावर मोठं कुंकू, हाताला पीठ. नंतर तिचं नाव कळलं, रंजना. "सुकट घे बाय," आय म्हणाली. ती हसली. "मला करायला येत न्हाई मावशी. आमच्याकडं कुठली मासळी? पर ह्यांना कुणीतरी डब्यातलं दिलंतं, लई आवाडलं म्हणत्यात. तुमी सांगाल का कसं करत्यात?" आणि तिनं आम्हाला आत घेतलं. उन्हातून आलात म्हणून आधी गूळ-पाणी दिलं. जाऊ कामाला गेली होती. जावेचं लहान मूल झोळीत झोपलं होतं आणि बोलता बोलता रंजनाचा एक हात झोळीच्या दोरीवरच होता. आय तिला सांगत होती, सुकट आधी कोरडी भाजून घ्यायची, कांदा भरपूर, कोकम शेवटी. सांगताना तिची नजर सवयीनं खोलीभर फिरत होती. मोरी स्वच्छ होती. पिंपावर झाकण होतं. मध्ये दोरीवर चादर होती, दिवसा एका बाजूला सारलेली. चादरीपलीकडे भिंतीला लागून एक पत्र्याची पेटी आणि एक मोठं गाठोडं होतं, सुतळीनं करकचून बांधलेलं. एका ठिकाणी कापड फाटून पितळेचा हंडा दिसत होता.

"ती भांडी काय बांधून ठेवलीस?" आयनं विचारलं.

"लग्नातली हायत," रंजना म्हणाली. "नावं घातलेली. इथं जाऊबाईंची हायत की. आपली काढली तर त्यांना वाटंल, येगळी चूल मांडली. आपलं घर हुईल तवा काढायची." आणि जरा थांबून, लाजून म्हणाली, "हे कालच बगून आल्यात एक. ऐरोलीकडं. वरची खोली हाय म्हणं, सज्जा हाय. पर ती माणसं देत्याल का न्हाई, सांगता येत न्हाई. चा दिला म्हणं त्यांनी. चा दिला म्हंजी देत्यालच, न्हाई का मावशी?"

वनिता उठून त्या गाठोड्यापाशी गेली होती आणि फाटलेल्या जागेतून हंड्यावरचं नाव वाचत होती. तिची पाठ आमच्याकडे होती. आयनं टोपलीतली निम्मी सुकट काढून रंजनाच्या ताटात ओतली. ती नको, नको म्हणत राहिली. आय टोपली न घेताच बाहेर पडली, ती मी उचलली. स्टॉपवर आल्यावर आय कठड्यावर बसली. समोरून ट्रक जात होते, धूळ उडत होती. पदर तोंडाला लावून ती बराच वेळ बसली. वनिता तिच्या शेजारी बसली, पण तिनं आयचा हात धरला नाही आणि आयनंही तिचा धरला नाही. बस आली तेव्हा आय उठत म्हणाली, "तिला पानी भरायला वरती तरास होईल. खालचा नल जिन्यापाशी आनून घेतला पायजे."

त्या आठवड्यात वनिता पुन्हा आली आणि आम्ही वरची खोली रिकामी केली. कपाटात दादाचे कामाचे कपडे होते, एक नवा सदरा होता, पान्यांचा एक संच होता. आयनं ते सगळं स्वतः खाली आणलं, मला हात लावू दिला नाही. आरशाचं कपाट लग्नासाठी घेतलेलं. ते वनितानं न्यावं असं तिच्या मनात होतं. "नको काकी," वनिता म्हणाली, "त्यांच्याकडं कपाट नाय. तिला कामाला येईल." मग दोघींनी फरशी धुतली. आय पाणी ओतायची, वनिता खराट्यानं ढकलायची आणि मी सज्ज्यातून ते खाली जाताना बघायची. काम संपल्यावर ओल्या फरशीवर उभं राहून आयनं एकदाच मोठा हुंदका दिला, जनावरासारखा, आणि लगेच पदर खोचून जिना उतरली.

भाडेकरू आले त्या दिवशी वनिताही आमच्याकडे होती. रंजना टेम्पोतून उतरली, तिनं आयला पाहिलं आणि "मासळीवाल्या मावशी!" म्हणून ओरडलीच. आयनं किल्ली वनिताच्या हातात दिली आणि तिनं ती द्यावी अशी खूण केली. वनितानं मान हलवली आणि किल्ली परत आयच्या तळव्यात ठेवली. "घरवाली तुमी," ती म्हणाली. आयनं किल्ली रंजनाला दिली. थोड्या वेळानं वरून पितळी भांडी मांडल्याचा आवाज येऊ लागला. बाबा ओट्यावर ऐकत बसले होते. आयही येऊन त्यांच्या शेजारी टेकली. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदाच ओट्यावर, बाहेरच्या बाजूला बसलेली पाहिली.

रंजनाचं बिऱ्हाड आमच्याकडे पुष्कळ वर्षं राहिलं. तिची दोन्ही मुलं त्या खोलीत मोठी झाली. आयच्या शेवटच्या आजारात तिचं अंग पुसायला माझ्या आधी रंजना हजर असायची. आज मी इतके भाडेकरू ठरवते, कागद तपासते, पण एखादं बिऱ्हाड निवडावं आणि ते असं निघावं, हे मला एकदाही जमलेलं नाही. ते जमवून आणता येत असेल असंही मला वाटत नाही. त्या निवडीत खरं तर आयचा हातच नव्हता. आय फक्त वनिताला नाही म्हणाली नाही.

उरणकडच्यांनी पुन्हा निरोप पाठवला आणि वनिताचं लग्न ठरलं. पत्रिका द्यायला तिचे आई-वडील दोघं आले. आयनं कुंकू लावून घेतलं, पण जायचं की नाही हे तिचं ठरेना. "मी दिसले तर नवऱ्याकडची मानसं काय बोलतील?" ती म्हणायची. "पोरीच्या चांगल्या कामात मी क्याला?" लग्नाच्या दिवशी बाबा धुतलेलं धोतर नेसून तयार झाले आणि दाराशी उभे राहिले. मग आयही निघाली.

मांडवात ती अगदी मागं बसली, खांबाच्या आड. मी तिच्या शेजारी. धवलारीण लग्नाची गाणी म्हणत होती, बायका पुढं सरकत होत्या, ऊन पत्र्यावर तापलं होतं. नवऱ्याकडची एक वयस्क बाई उन्हातून येऊन आमच्याजवळ टेकली, पदरानं वारा घेऊ लागली. पाहुण्या बायका करतात तशी तिनं आयची विचारपूस केली. गाव कुठलं, मुलं किती. "एक पोर हाय," आय माझ्याकडे बोट करून म्हणाली. त्या बाईनं पुढं विचारलं, "तुमी नवरीच्या कोन?"

समोर अंतरपाट धरला होता. पलीकडे वनिता मान खाली घालून उभी होती, मुंडावळ्यांमुळे तिचा चेहरा दिसत नव्हता. आय तिच्याकडे बघत राहिली. मला भीती वाटली की ती दादाचं नाव घेईल, आणि दुसरी भीती की ती कोणीच नाही म्हणेल.

"म्हायेरची," आय म्हणाली. आणि अक्षता घेऊन उभी राहिली.